मदत हवी आहे : बेशे-आर्मस्ट्राँगनंतर काय ऐकू?

नमस्कार मंडळी. सध्या 'केक वॉकिंग बेबीज फ्रॉम होम' या एकाच जॅझ गाण्याच्या दोन ध्वनिमुद्रिकांनी मला पछाडलंय. सोप्रानो सॅक्सोफोनवर सिडनी बेशे, कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) लुई आर्मस्ट्राँग. डिसेंबर १९२४ ची 'रेड ऑनियन जॅझ बेबीज' या वाद्यवृंदाची मुद्रिका जेनेट कंपनीची. पाठोपाठ जानेवारी १९२५ मधली क्लॅरेन्स विल्यम्सच्या 'ब्लू फाइव्ह'ची, ओके कंपनीची. पहिलीत बेशे कुणाला पुढे येऊच देत नाही, दुसरीत आर्मस्ट्राँग शेवटाकडे सगळी वसुली करतो. निदान माझ्या कानांना तरी तसं वाटतं. आपल्या जुगलबंदीत एक थांबतो तेव्हा दुसरा बोलतो. इथे दोघंही एकदम बोलतात आणि तरी भांडण सुरात राहतं!

१९४० मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी दोघं पुन्हा एकत्र आले, पण ते मला जरा सांभाळून वाजवल्यासारखं वाटलं. त्यापेक्षा त्याच वर्षीचं बेशे आणि कॉर्नेटवादक मग्सी स्पॅनियरचं 'बिग फोर' हे चौघांचं वादन जास्त आवडलं. ड्रम्स नाहीत, पियानो नाही, साथीला फक्त गिटार आणि बास. स्पॅनियर धून घट्ट धरून बसतो, म्हणून बेशेला हवं तसं हुंदडता येतं.

आता जाणकारांनी सांगावं : १९२४-२५ च्या मुद्रिकांची खरखर कमी केलेली, पण कॉर्नेटची धार बोथट न झालेली आवृत्ती कोणती घ्यावी? बेशेचं १९४५ चं ट्रम्पेटवादक बंक जॉन्सनबरोबरचं, ब्लू नोट कंपनीचं काम आधी ऐकू की कॉर्नेटवादक वाइल्ड बिल डेव्हिसनबरोबरचं? आणि बेशे नसलेली अशी एखादी जोडी सुचवाल का? पुण्या-मुंबईत कुणाकडे जुन्या तबकड्या असतील तर ऐकायला नक्की येईन.