वृत्तवाहिनीच्या वित्त विभागातील पगार: 9 लाखांचा प्रस्ताव स्वीकारावा का?

प्रश्न
पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या लेखा विभागात मी सहा वर्षे काम करतो. मुंबईतील एका वृत्तवाहिनीने मला वित्त विभागात वर्षाला 9 लाखांच्या सीटीसीचा (म्हणजे कंपनीला माझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) प्रस्ताव दिला आहे. मूळ वेतन त्याच्या निम्मे असून 15 टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’, म्हणजे ठरलेल्या निकषांनुसार कमी-जास्त मिळणारी आहे. सध्या माझ्या हातात दरमहा 46,000 रुपये येतात. या क्षेत्रातील मंडळी पगारावर समाधानी असतात का?

प्रतिसाद 1
आधी हिशेब मांडावा. 9 लाखांतून व्हेरिएबलचे 1,35,000, कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी 54,000 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 21,600 वजा केल्यास महिन्याला साधारण 57,400 उरतात. त्यातून भविष्य निर्वाह निधीतील आपल्या वाट्याचे 4,500 आणि व्यवसाय कराचे 200 गेल्यावर हातात 52,700 पडतील. मुंबईतील घरभाडे पाहता ही वाढ फारशी नाही.

प्रतिसाद 2
मी चार वर्षे एका वाहिनीच्या जाहिरात बिलांच्या वसुलीचे काम पाहिले. रात्री 8 ते 8:30 दरम्यान लावायची जाहिरात ठळक बातमीमुळे 8:41 ला लागली, म्हणून जाहिरात एजन्सीने संपूर्ण बिल अडवले होते. रिलीज ऑर्डर (जाहिरात कधी लावायची याची एजन्सीची मागणी) आणि टेलिकास्ट सर्टिफिकेट (ती प्रत्यक्षात कधी लागली याचा दाखला) समोर ठेवून एकेक ओळ जुळवण्यात माझा आठवडा गेला. या कामाने मी खूप शिकले, हे मनापासून सांगते. मात्र हिशेबाची पुस्तके वेळेत पूर्ण करूनही सलग दोन वर्षे व्हेरिएबल निम्मेच मिळाले, कारण ते जाहिरातींच्या उत्पन्नाशी बांधलेले होते आणि त्यावर लेखा विभागाचा काहीही ताबा नसतो. ही सल पगाराच्या आकड्यापेक्षा मोठी होती.

प्रतिसाद 3
वर्तमानपत्र आणि वाहिनी यांत गल्लत करू नये. 11 नोव्हेंबर 2011 रोजी अधिसूचित झालेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी वर्तमानपत्रांतील पत्रकारांबरोबरच लेखा विभागासारख्या पत्रकारेतर कर्मचाऱ्यांनाही लागू होत्या, आणि 7 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. वाहिन्या त्या चौकटीबाहेर होत्या. तिथे पगार सर्वस्वी नियुक्तिपत्रावर ठरतो. म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हेरिएबल नेमके कशाशी बांधलेले आहे आणि मागील दोन वर्षांत वित्त विभागाला ते किती टक्के मिळाले, हे मी उद्याच लेखी विचारतो. त्यातील निम्मी रक्कम स्थिर पगारात वळवण्यास ते तयार झाले, तरच राजीनामा देईन.