टेलिमार्क बाइंडिंग: लिंक्स घ्यावं की मेइद्जो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सॉल्ट लेक सिटीत राहते. आतापर्यंत रिसॉर्टमध्येच, जुन्या 75 मिमी बाइंडिंगवर (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीवर) टेलिमार्क स्कीइंग करत आले. टाच उचलून, गुडघा वाकवून घेतलेलं ते वळण मला मनापासून आवडतं, त्यामुळे ‘सरळ अल्पाइन टूरिंगचं सामान घे’ (ज्यात उतरताना टाच बांधलेली असते) हा सल्ला कृपया नको. या हिवाळ्यात वासाचच्या डोंगरात लिफ्टशिवाय, स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढायचं आहे.

बूट जवळपास ठरलेत: नवे स्कार्पा टीएक्स प्रो. अडलंय ते बाइंडिंगपाशी. ‘22 डिझाइन्स’ कंपनीचं लिंक्स घ्यावं की फ्रान्सचं मेइद्जो? दोन्हींत चढताना बूट फक्त पुढच्या पिनांवर फिरतो, म्हणजे प्रत्येक पावलाला स्प्रिंगशी झुंजावं लागत नाही. लिंक्स साधं आणि दणकट वाटतं, पण पडल्यावर बूट त्यातून सुटत नाही. मेइद्जो सुटतं, पण त्याची रचना जास्त गुंतागुंतीची दिसते.

मला खरी काळजी हिमस्खलनाची आहे. पायात अडकून राहिलेली स्की माणसाला बर्फाखाली ओढते. बीकन (गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं घेतलंय, कोर्सही केलाय, निघण्याआधी युटा अॅव्हलांच सेंटरचा अंदाज वाचतेच. तरी न सुटणारं बाइंडिंग घ्यायला मन धजत नाही.

दोन्ही वापरलेलं कुणी आहे का इथे? मेइद्जो जोरकस वळणात नको तेव्हा सुटतं का? पिनांखाली बर्फ साचून बूट नीट बसत नाही, असं होतं का? माझं वजन 58 किलो, स्की 96 मिमी रुंद. वापरलेलं सामान विकत घेणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का, तेही सांगा.