मदत हवी आहे: रंगात रुतलेली खरखर पॉलिशरवर क्ले पॅड लावून काढू का?

नमस्कार मंडळी,

गाडी गडद निळी आहे आणि बाराही महिने उघड्यावर, रेल्वे रुळांजवळ उभी असते. शाम्पूने धुऊन पुसली की लांबून छान दिसते. पण पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बॉनेटवरून बोटं फिरवली, तर बारीक रवा सांडल्यासारखी खरखर लागते. टपावर आणि डिकीच्या झाकणावर सगळ्यात जास्त, दारांवर बरीच कमी.

आयर्न रिमूव्हर मारून झाला. थोड्याच वेळात जांभळे ओघळ आले, म्हणजे लोखंडाचे कण भरपूर होते. दारांच्या खालचे डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने गेले. एवढं करून खरखर निम्म्यावर आली, पण उरलेली काही हटत नाही. झाडाचा चीक किंवा आसपासच्या रंगकामाचा उडालेला फवारा असावा असा अंदाज आहे.

आता क्ले करायचं, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ पदार्थाने घासून रुतलेले कण काढायचं ठरवलंय. माझ्याकडे ८ मिमी थ्रोचा (म्हणजे पॅड तेवढा इकडेतिकडे हलतो) ड्युअल अॅक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारा, पॉलिशर आहे आणि त्याला वेल्क्रोने बसणारा ६ इंची क्ले पॅड मिळतो. अख्खी गाडी हाताने घासण्यापेक्षा हे सोपं वाटतं, पण गडद रंगावर चरे उठतील याची धास्ती आहे. वेग किती ठेवायचा, दाब द्यायचा का, कडांजवळ काय करायचं? शिवाय एका ओळखीच्यांचं म्हणणं, क्लेच्या फंदात पडू नकोस, थेट कंपाउंड (रंग घासायची खरखरीत पेस्ट) मार, सगळं निघतं. हे खरं का? रंग मूळचाच आहे आणि तो शक्य तितका राखायचा आहे, म्हणून हात लावण्याआधी विचारतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

थेट कंपाउंड अजिबात नको. सुटलेले कण फोमच्या पॅडमध्ये अडकतात आणि मग तोच पॅड ते गाडीभर घासत फिरतो. दुसरं म्हणजे कंपाउंड क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरच, झिजवतं. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, गेला की परत येत नाही. क्ले पृष्ठभागाच्या वर डोकावणारं तेवढंच खरवडून काढतं, म्हणून ते आधी.

वेग सगळ्यात कमी, डायलवर १ किंवा फार तर २. दाब शून्य, मशीनचं स्वतःचं वजन पुरे. एवढ्या कमी वेगात पॅड फारसा गोल फिरणार नाही, नुसता थरथरेल, आणि तेवढंच हवंय. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर हा पॅड चुकूनही लावू नका.

नवा पॅड आधी ल्युब्रिकंट (घसरण देणारा द्रव) मारून काचेवर फिरवा, म्हणजे वरची पातळ साय निघून तो मऊ होतो. मग सावलीत, थंड पत्र्यावर, दोन हात रुंदीच्या चौकोनात काम करा. ल्युब्रिकंटमध्ये कंजुषी नको. पॅड अडखळला किंवा उड्या मारू लागला की समजा कोरडा पडलाय, लगेच थांबा. कान उघडे ठेवा: सुरुवातीला बारीक चरचर ऐकू येते आणि कण निघाले की आवाज मऊ होत जातो. तो मऊ झाला की पुढे सरका, उगाच घोळवत बसू नका. प्रत्येक चौकोनानंतर पॅड पाण्याने धुवा.

कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेघा इथे रंग पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावा आणि तेवढा भाग हाताने करा.

गडद रंगावर थोडा धुरकटपणा येणारच, फाइन ग्रेडचा पॅड घेतला तरी. नंतर फिनिशिंग पॉलिश करणार असाल तरच मशीन वापरा. नुसतं वॅक्स करून थांबणार असाल तर नको.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटतं, पण एकच गाडी असेल तर मी हातानेच करेन. मशीनच्या थरथरीत बोटांना काही कळत नाही. क्ले मिट (क्ले लावलेला हातमोजा) हातात असला की कण नेमका कुठे अडतोय ते लगेच जाणवतं. मशीन वापरायचंच तर टप आणि बॉनेटपुरतं.

आणि विजेचं बघा. इतकं पाणी उडतं की वायर खांद्यावरून मागे टाका, जोड ओल्या जमिनीवर ठेवू नका, प्लग गळती ओळखणाऱ्या ब्रेकरच्या लाइनवरच लावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पॉलिश करायचंच आहे, म्हणून टप आणि बॉनेट मशीनने, बाकी हाताने. आधी डिकीच्या एका कोपऱ्यावर करून बघतो. एक शंका: दोनदा पॅड फिरवूनही काही ठिपके राहिले तर तिसऱ्यांदा फिरवू का?

प्रतिसाद १

नको. टॉर्च तिरपी धरून बघा. ठिपका वर आलेला असेल तर तेवढ्याच जागी साधा क्ले बार (क्लेची वडी) हाताने फिरवा. पण पिशवीतून हात गुळगुळीत लागतोय आणि डाग मात्र दिसतोय, तर तो खड्डा आहे. पाण्याचे किंवा पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग क्लिअर कोटमध्ये असेच उतरतात. तिथे क्ले काहीच करू शकत नाही. तो पॉलिशच्या वेळी बघा, तेही पेंट गेजने जाडी मोजून.