अनुभव धागा: रेल्वेपुलाखालचं गुप्तधन

कृष्णाकाठ
मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी अंकलीजवळ कृष्णेवर आली की डब्यातले हात आपोआप खिडकीकडे जातात. एक नमस्कार आणि एक नाणं. परवा ते नाणं गर्डरवर आपटल्याचा 'टण्ण' आवाज आला आणि लहानपणापासून कानावर असलेली गोष्ट वर आली: पुलाखाली हंडे पुरलेत, प्रतिसरकारच्या (क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या) वेळची चांदी आहे. पात्रात शोधकाम केलेल्यांनी किंवा जवळून पाहिलेल्यांनी लिहा. यंत्र, माती, नाणी, कायदा, काहीही चालेल.

येरळेकडचा
चांदीचं आधी मिटवू. ७ जून १९४३, शेणोली. तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली. जी. डी. बापू लाड होते, कॅप्टन भाऊ होते. तो पैसा चळवळीला आणि गोरगरिबांना गेला, पुरून ठेवायला कुणी आणला नव्हता. त्या माणसांच्या नावावर हंडे खपवू नका, एवढी कळकळीची विनंती.
नोटा पुरल्या असत्या तरी आपल्या काळ्या मातीत दोन-चार पावसाळ्यांत लगदा झाला असता. आणि १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच. त्याआधीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी.

ग्राउंड बॅलन्स
यंत्राबद्दल लिहितो, घाईत आहे.
आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाईट. नवीन मेटल डिटेक्टर चालू केला की तो नुसता कुरकुरतो, आणि लोकांना वाटतं सगळीकडे धन आहे. आधी धातू नसलेली जागा बघा. कॉईल (यंत्राची खालची चकती) जमिनीपासून दोन इंच ते फूटभर अशी वर-खाली करा आणि आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत ग्राउंड बॅलन्सचं (मातीचा आवाज दाबणारं) बटण फिरवा. ओल्या वाळूतून कोरड्या खडीवर गेलात की पुन्हा पहिल्यापासून.
चाचणीसाठी पाच रुपयांचं जाड जुनं नाणं चार, सहा आणि आठ इंचांवर पुरून बघा. साध्या व्हीएलएफ (कमी फ्रीक्वेन्सीच्या नेहमीच्या) यंत्राला या मातीत सहा-आठ इंचांवर नाणं लागलं तर यंत्र चांगलं म्हणायचं. हंडा मोठा असल्याने जास्त खोल लागतो, पण मीटरभराच्या पुढे आशा सोडा. हातात दोन अँटेना धरून 'शंभर मीटरवरचं सोनं दाखवतो' म्हणणारी यंत्रं सरळ फसवणूक आहेत. त्यात जमिनी विकलेली घरं आहेत.

मिरज जंक्शन
पुलाजवळ आणखी दोन अडचणी. रुळांवरची ओएचई (इंजिनाला वीज देणारी) तार २५ हजार व्होल्टची, तिच्याखाली डिटेक्टर बडबडायला लागतो. सेन्सिटिव्हिटी उतरवा, लहान कॉईल लावा, फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर बदला.
दुसरी अडचण लोखंडाची. मीटरगेजच्या काळातले डॉगस्पाइक (रूळ ठोकायचे खिळे), फिशप्लेटचे (रूळ जोडायच्या पट्ट्यांचे) तुकडे, चाव्या, बोल्ट, सगळं भरावात आणि खाली पात्रात. डिस्क्रिमिनेशन (लोखंडाचा आवाज गाळणारी सेटिंग) फार चढवलं तर लोखंडाच्या शेजारचं तांब्याचं नाणंही गप्प होतं. थोडं कमी ठेवा आणि त्याच जागेवर काटकोनात फिरून पुन्हा ऐका. दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज आला तरच खुरपं घाला.
आणि हद्द. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: विनापरवाना शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खांबाच्या पायाशी तर एक घमेलंही उकरू नका. पुराने पायाभोवती आधीच खड्डा पडतो, वाळूउपशाने पात्र खाली जातं, त्यात तुम्ही. वरून माणसं भरलेली गाडी जाते हो!

औदुंबरची
भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी असतात, मादी जवळच असते. पाणी कमी झालंय म्हणून पोरांना डोहात उतरवू नका. कोयनेचा विसर्गही बघून जा.

बाळूमामा_भक्त
आज सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे?

औदुंबरची
आता कुठला पूर, पाणी पात्रातच आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला साडेसत्तावन्न.

दोन सूत
पुराचं निघालंच आहे तर. वरचा फूटभर गाळ म्हणजे अलीकडचा पूर, त्यात प्लास्टिक आणि चपला. नाणं जड, ते खडीच्या थरात आणि कातळाच्या भेगांत जाऊन बसतं, बहुतेक खांबाच्या खालच्या अंगाला, प्रवाह मंदावतो तिथे. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली खडी दोन सुताच्या (पाव इंची) जाळीतून पाण्यातच चाळायची. चार सुताची जाळी घेतली तर होन (सोन्याचं लहान जुनं नाणं) निसटेल. झारेकरी (सोनारांकडची माती धुऊन सोनं काढणारे) उथळ लाकडी भांड्यात गोल हलवत धुतात. त्यांचा हात बघण्यासारखा असतो, जड ते तळाला, हलकं ते काठावरून बाहेर.
मिळतं काय? नदीला वाहिलेली नाणी. ॲल्युमिनियमचे दहा-वीस पैसे, स्टीलची चाराणे-आठाणे. क्वचित काळी-हिरवी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं.

वाठार
दोरीला निओडायमियम चुंबक बांधून टाकला तर?

दोन सूत
तांबं, चांदी, सोनं चिकटत नाही. स्टीलची नाणी आणि डॉगस्पाइक येतील. स्पाइक रेल्वेचा, तो घरी नेऊ नका.

कराडची सून
भाजी टाकलीय, पटकन लिहिते. पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला धन दिसतं म्हणून कुणी लहान लेकरू मागायला आलं तर थेट पोलीस. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांनाही लागतो. डॉ. दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, त्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं.

तलाठी निवृत्त
कायदा राहिलाच. निखात निधी (पुरलेलं धन) अधिनियम १८७८. दहा रुपयांवरचं काहीही जमिनीत दडलेलं मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हमी द्यायची. मग जाहीर नोटीस निघते, हक्क सांगणाऱ्यांची सुनावणी होते. धन बेवारस ठरलं आणि जागामालकाशी आधीचा करार नसेल, तर शोधणाऱ्याला पाऊण, मालकाला पाव. लपवलं तर वाटा जातो आणि वर्षापर्यंत कैद. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक एक पंचमांश देऊन घेते. लोक 'सगळं सरकार नेतं' म्हणून रात्रीत वितळवतात, तिथेच इतिहास संपतो.

वाठार
घरात आजीच्या फडताळात दोन शिवराई आहेत, चिंचेने घासू का?

दोन सूत
नको! चिंच, लिंबू, पितांबरी काही नको. अक्षरं आधीच झिजलेली असतात, आम्लाने उरलेलीही जातील. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशने माती काढा, पूर्ण वाळवा. फिकट हिरवी पूड सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, ती कीड वाढते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' वाचता येतंय का?

वाठार
'छत्र' दिसतंय. पुढचं नाण्याच्या कडेबाहेर गेलंय.

दोन सूत
मग हातच लावू नका. उजेड एका बाजूने तिरका पाडून फोटो काढा आणि साताऱ्याच्या संग्रहालयात दाखवा.