नाशिकच्या कॉलेजांनी द्राक्षांवर बहिष्कार टाकावा का?

गंगापूररोडकर

हंगाम ऐन भरात आहे, म्हणून आत्ताच विषय काढतो. आधी वाचा, मग जोडे मारा.

आपल्या बागांमध्ये विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि काढणीला येणारी बहुतेक माणसं पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातली. सकाळी गिरणाऱ्याला जाऊन बघा. टोळ्या उभ्या असतात, पिकअप येतात, रोज ठरतो आणि माणसं गाडीत भरली जातात. बाईचा रोज गड्याइतका का नाही, फवारणी झालेल्या बागेत कधी शिरायचं, लघवीला कुठे जायचं, यातलं काहीच कागदावर नसतं. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला, समान वेतनाचा १९७६ साली. बांधापर्यंत दोन्ही पोचलेले नाहीत.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या इमोकली गावच्या टोमॅटो मजुरांनी २००१ मध्ये टाको बेल या खाद्यसाखळीवर बहिष्कार पुकारला. मुख्य मागणी होती पाउंडामागे एक सेंट जास्त. विद्यार्थ्यांनी वीसहून अधिक कॅम्पसमधून त्यांची दुकानं हटवली किंवा येऊच दिली नाहीत. २००५ मध्ये कंपनी नमली. २००७ ला मॅकडोनाल्ड्स आलं, २००८ ला बर्गर किंग. आपल्याकडे इतकी कॉलेजं, इतकी हॉस्टेलं. मजुराला नीट रोज मिळेपर्यंत मेसमध्ये द्राक्षं नकोत, एवढं तरी म्हणता येईल की नाही?

बागवान निफाड

म्हणा की. आणि तुम्ही द्राक्षं सोडलीत की मजुराचा रोज कसा वाढतो तेही सांगा.

साखर उतरली की घड वेलीवर तुमच्या मोर्चासाठी थांबत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की व्यापारी शिवारात येऊन भाव पाडणार. मग मी टोळी कमी लावणार. पहिला रोज बुडणार तो ज्याच्यासाठी तुम्ही फलक रंगवताय त्याचाच. टाको बेलकडे द्यायला पैसा होता. माझ्याकडे व्यापाऱ्याचा चेक असतो, आणि तो वटतो का ते हंगाम संपल्यावर कळतं. माल उचलून पळालेल्या व्यापाऱ्यांकडे किती बागायतदारांचे पैसे अडकलेत ते पिंपळगावला येऊन विचारा. माझेही आहेत.

२०१० आठवतंय? क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपले कंटेनर अडवले. दुकानदार युरोपचा, औषध कंपनीचं, झोपला कोण? बागायतदार. वरून आलेला दणका नेहमी खालीच येतो. शरद जोशींनी १९८० मध्ये याच जिल्ह्यात कांद्यासाठी रस्ते अडवले ते उगाच नाही. मालाला भाव द्या, मजुरी आपोआप वाढेल.

इतिहासवेडा

‘आपोआप’ हा शब्द फार काम करतोय इथे. ज्या वर्षी भाव चांगला लागला त्या वर्षी विरळणीचा रोज किती वाढवला, बागवान? शरद जोशींच्या आधी याच जिल्ह्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. ती माणसं भाव मागत नव्हती, जमीन मागत होती. शेतकऱ्याला मिळालं की मजुराला झिरपतं, यावर त्यांचा विश्वास नसावा.

मात्र मूळ धागाकर्त्याने उदाहरण अर्धंच दिलंय. द्राक्षांचंच हवं असेल तर कॅलिफोर्नियातलं डेलानो घ्या. ८ सप्टेंबर १९६५ ला लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप केला. आठवडाभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांची संघटना त्यात उतरली. संपाने भागेना तेव्हा बहिष्कार आला. अमेरिकी लष्कराने उलट जास्त द्राक्षं विकत घेऊन व्हिएतनामला पाठवली, तरी जुलै १९७० मध्ये मोठ्या मालकांना करार करावे लागले.

यातली गंमत कायद्याची आहे. १९३५ च्या कामगार कायद्यातून शेतमजुरांना वगळलं होतं. त्यामुळे १९४७ मध्ये इतर युनियनांना त्रयस्थ दुकानांविरुद्ध बहिष्कार करायला जी बंदी आली, ती यांना लागूच झाली नाही. संरक्षण नाकारलं आणि त्याच नकारातून हत्यार हातात दिलं.

आता फरक. डेलानोचे मालक प्रचंड बागांचे धनी होते. निफाडचा बागायतदार दोन-चार एकराचा, वर सोसायटीचं कर्ज. डेलानोचा नमुना इथे उचलून लावला तर बागवान म्हणतात तसंच होईल. इमोकलीवाले म्हणूनच शेतमालकाला सोडून थेट वरच्या खरेदीदारापाशी गेले.

सुरगाण्याची

मी नाशकात शिकते. आई-दादा अजून टोळीबरोबर दिंडोरीला येतात. तुमच्या वादात मजूर कुठे आहे ते मी शोधतेय.

इमोकलीत बहिष्कार मजुरांनी पुकारला आणि विद्यार्थी त्यांच्या मागे उभे राहिले. इथे गंगापूर रोडवर ठरणार आणि आम्हाला निरोप येणार! मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, काम थांबलं तर ती अंगावर राहते. याचा विचार कोण करणार?

आणि काय मागायचं तेही विचारा. डिपिंग कोणी केलंय का इथे? औषधाच्या पाण्याने भरलेला कप घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, पुढचा घड. हात सारखा वर, त्यामुळे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि बाहीत शिरतं. दुपारी त्याच हाताने भाकरी. आईला विचारलं तर ती रोजाच्या आधी साबण आणि पाणी म्हणेल. त्यानंतर पिकअप. मालाच्या गाडीत उभ्याने कोंबून नेतात, घाटात पोटात गोळा येतो.

मार्च २०१८ ला याच भागातली माणसं नाशिकहून मुंबईला चालत गेली. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालली. मुंबईकरांनी चपला दिल्या, खाऊ घातलं, ते आम्ही विसरलो नाही. पण मागणी वनजमिनीची होती. बागेतल्या रोजाबद्दल तेव्हाही कोणी विचारलं नाही.

बागवान निफाड

ताई, माझ्या बागेत हात धुवायला नळ आहे, साबण आहे, संडासही आहे. निर्यातीचा प्लॉट आहे, ग्लोबलगॅप या युरोपातल्या दुकानांना लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या ऑडिटला ते दाखवावं लागतं.

गंगापूररोडकर

हेच! कायद्याने बांधला नाही तो संडास युरोपच्या सुपरमार्केटने बांधून घेतला. म्हणजे खरेदीदाराने अट घातली की बांधावर फरक पडतो. मग गिऱ्हाईक म्हणून आपण अट घातली तर तो अन्याय कसा?

बागवान निफाड

बांधला मी, माझ्या पैशाने. त्यांनी किलोमागे एक पैसा वाढवला नाही. अट त्यांची, बिल माझं. तुमचा बहिष्कारही तसाच असणार.

सुरगाण्याची

आणि ऑडिटवाले गेले की काही ठिकाणी त्याच संडासाला कुलूप लागतं. तुमच्याकडे नसेल लागत. आई जिथे जाते तिथे लागतं.

इतिहासवेडा

बागवानांच्या ‘बिल माझं’ला उत्तर आहे. इमोकलीच्या मजुरांनी २०११ पासून जो फेअर फूड प्रोग्राम चालवलाय, त्यात जास्तीचा सेंट कंपनी देते आणि तो शेतमालकामार्फत मजुराच्या पगारात जातो. पगाराच्या चिठ्ठीवर वेगळा दिसतो. मजूर रात्री-अपरात्री फोनवर तक्रार करू शकतो. शेतमालकाने नियम मोडून सुधारणा केली नाही तर करारातल्या कंपन्या त्याचा माल घेणं थांबवतात. कुलपाची तक्रार करणारा माणूस तिथे मजूरच असतो, वर्षातून एकदा येणारा ऑडिटर नव्हे. म्हणून ते चालतं.

सगळीकडे चालतं असं नाही. वेंडीज या साखळीवर २०१६ पासून बहिष्कार आहे आणि ती कंपनी करारात आलेली नाही.

सिडकोवाला

आपली बहुतेक द्राक्षं देशातच खपतात, हातगाडीवर, क्रेटमधून. त्यावर ना नाव ना गाव. बहिष्कार टाकणार कोणावर, शालिमारच्या गाडीवाल्यावर? तोही पोटासाठीच उभा आहे. कॉलेजात भाषण ठोकायला विषय झकास आहे, बाकी शून्य.

गंगापूररोडकर

गाडीवाल्याला हात लावायचाच नाही. सुपरमार्केटमध्ये आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर पनेटमधली, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यातली, द्राक्षं येतात, त्यावर नाव असतं. त्या नावाला विचारायचं: किलोमागे थोडं जास्त द्या, आणि ते मजुराच्या हातात पडल्याचा कागद दाखवा. नाही म्हणाले तर ते पाकीट आमच्या हॉस्टेलात येणार नाही. बागवान, यात तुमचं काय जातं?

बागवान निफाड

कागदावर माझ्या भावाचीही ओळ असेल तर काही जात नाही. नसेल तर मी त्या कंपन्यांच्या बाजूने उभा राहीन, आधीच सांगतो.

सुरगाण्याची

कागद बनवणारच असाल तर काढणीत बनवू नका, तेव्हा कोणाला बोलायला सवड नसते. एप्रिलच्या खरड छाटणीआधी मुकादम एकरी उक्तं ठरवतात, जे काही बसायचं ते तेव्हाच बसतं. त्याआधी गावात या. होळीला सगळे घरी असतात, शिमग्यात कोणी मजुरीला जात नाही. आणि मुकादमाला घेऊन येऊ नका, त्याच्यासमोर बायका बोलणार नाहीत.

सिडकोवाला

होळीला हॉस्टेल रिकामं असतं. बघू किती जण येतात.