‘शुश्रूषा’ की ‘सुश्रुषा’? आणि ‘उन्माद’ लिहावं का?

प्रश्न : सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बायपोलरच्या (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार) पेशंटची केस मराठीत मांडायची आहे. ‘नर्सिंग केअर’ला परिचर्या लिहू की शुश्रूषा? वॉर्डातल्या फळ्यावर तर ‘सुश्रुषा’ असं लिहिलंय. आणि ‘मॅनिया’ला, म्हणजे त्यातल्या अति उत्साहाच्या काळाला, उन्माद चालेल ना?

उत्तर : बाळा, शुद्ध रूप ‘शुश्रूषा’. पहिला शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ, शेवटी पोटफोड्या ष. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यावरून आला. परिचर्या म्हणजे रुग्णाच्या अवतीभवती वावरणं, परिचारिका त्यातलीच. चादर बदलणं, गोळी देणं, अंघोळ घालणं ही परिचर्या. या आजारात मात्र अर्धं काम कानांचं असतं, म्हणून तू शुश्रूषाच लिही.

एक उदाहरण देते. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक मुलगा आला होता. केसपेपरवर कुणीतरी ‘झोप नाही’ लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणाला, “सिस्टर, दोन तास झोपलं की बास होतंय. थकवाच येईना. लई कामं सुचायलीत.” झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. पहिल्यात माणूस दिवसभर गळून जातो, दुसऱ्यात ताजातवाना असतो, आणि ते मॅनियाचं ठळक लक्षण आहे. ‘झोप नाही’ या दोन शब्दांत हा फरक बुडून जातो. पेशंट बोलला तेच शब्द अवतरणात लिहीत जा.

‘उन्माद’ मला पटत नाही. चरकसंहितेत तो बऱ्याच मनोविकारांना मिळून वापरलाय, आणि आजच्या वर्तमानपत्रात सत्तेचा उन्माद, धर्मोन्माद असा येतो. नातेवाइकांना त्यात माज ऐकू येतो. सरळ ‘मॅनिया’ लिही, पुढे काय दिसलं ते लिही.

‘पथ्य’ हा शब्दही जपून वापर. लिथियम (या आजारावरचं औषध) चालू असलेल्या एका बाईंच्या घरच्यांनी पथ्य म्हणून मीठच तोडलं, तेही मे महिन्यात! इथलं ऊन चाळिशीच्या वर, घाम धो धो. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. त्यांच्या हातात कप राहीना, उलट्या, जुलाब, चालताना झोक जायला लागला. नुसती बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना होते, पण असं दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना बोलवायचं. म्हणून मी आता ‘पथ्य पाळा’ म्हणतच नाही. सांगते, “मीठ नेहमीइतकंच, पाणी भरपूर, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही, आणि तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं.”

प्रतिसाद : सिस्टर, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. बहिणीला हा आजार आहे. आमच्याकडं ‘पिच्ची’, शेजारच्या कन्नड घरात ‘हुच्चु’, गल्लीत ‘येडी’. तीन भाषा, अर्थ एकच. पण शिकलेली माणसं ‘ती बायपोलर आहे’ म्हणतात, त्याचं काय? तिला तेही लागतं.

उत्तर : दादा, बरोबर बोललात. आपण ‘तिला साखर आहे’, ‘तिला बीपी आहे’ म्हणतो. ‘ती साखर आहे’ कुणी म्हणत नाही. मग ‘तिला बायपोलर आहे’ म्हणायला काय हरकत? बाळा, तुझ्या केसच्या पहिल्याच ओळीत ही ‘ला’ विभक्ती येऊ दे.