कानबाईच्या मखराचा गोंद साडीवर पडला, डाग कसा काढू?

गिरणाकाठची (जळगाव)
आज सकाळी आमच्या कानबाईचं विसर्जन झालं. काल पूजेआधी मखरावरची फुलांची माळ निखळली. ती चिकटवायला मी साडी नेसलेलीच बसले आणि ग्लू गनचे दोन थेंब निऱ्यांवर पडले. साडी माझी नाही, थोरल्या जाऊबाईंची आहे. मोतिया रंगाची रेशमी, बारीक जरीचा काठ. थेंब ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत, बोटाला रबरासारखे लागतात. नखाने ओढून पाहिलं तर धागाच वर यायला लागला, म्हणून हात लावायचं सोडून दिलं. एक थेंब अगदी जरीला लागून आहे.

शिवाय मुलाच्या शाळेच्या पँटवर फेविकॉल वाळलाय आणि गुडघ्यावर स्लाइम चिकटलंय. मागे एक साडी ड्रायक्लीनिंगला दिली होती. डाग गेला, पण तेवढ्या जागेचा रंगही उतरून आला. म्हणून आधी घरी काही होतंय का ते बघायचंय. कुणी स्वतः करून पाहिलंय का?

भुसावळकर
ताई, रॉकेल लावा आणि घासून काढा. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन असंच काढतो, पाच मिनिटांत निघतं.

रंगपेटी (धुळे)
ताई, रेशमी साडीला रॉकेल लावू नका. भाऊंचं म्हणणं रबरी सोल्युशनसाठी बरोबर आहे, तो गोंद रॉकेलमध्ये विरघळतो. ग्लू गनची कांडी म्हणजे प्लास्टिकच. ते तापल्यावर वितळतं आणि गार झालं की कडक होतं. तुमचं काम रॉकेलने होणार नाही, उलट तेलकट डाग वाढेल आणि वास जायला आठवडा लागेल.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, हे डाग रोजचेच आहेत. डाग दिसला की लोक आधी काय लावायचं ते विचारतात. मी आधी गोंद कोणता ते विचारतो, कारण एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

साडीचा तेवढा भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. जागा नसेल तर पिशवीत बर्फ भरून थेंबावर धरा. काढल्या काढल्या साडी पालथी करून कापड दोन बोटांनी हळू वाकवा. गोंद ठिसूळ झालेला असतो, कडेने सुटायला लागतो. तो सुटेल तेवढाच घ्या, ओढू नका. खाली चकचकीत पापुद्रा उरला तर मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट कापसावर घेऊन डागाच्या कडेला टिपा. दोन मिनिटांनी पापुद्रा उचलला जातो. पण आधी पदराच्या आतल्या दुमडीवर थेंबभर लावून बघा, कापसावर रंग उतरला तर तिथेच थांबा. स्पिरिट वापरताना गॅस बंद ठेवा.

पँटचं सोपं आहे. फेविकॉल पाण्यातला गोंद. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, फुगून पांढरा झाला की कपड्याच्या साबणाने चोळा. स्लाइम मात्र पाण्याने लवकर सुटत नाही, कारण त्यात गोंद बोरॅक्सने बांधलेला असतो. व्हिनेगर लावलं की ती बांधणी सुटते. दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा.

डाग पूर्ण जाईपर्यंत पँटला कडक गरम पाणी आणि इस्त्री लावू नका. आणि ब्लीच कशालाच नको. ते रंग घालवतं, गोंद तसाच राहतो.

शिलाईवाली (नंदुरबार)
सरांच्या सांगण्यात एक भर घालते, कारण हाच घोळ माझ्याकडे नेहमी येतो. डाग फेविक्विकचा असेल तर ओला असताना कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. सुताला लागून तो इतका तापतो की धूर निघतो, बोट भाजतं. वाळू द्यायचा, मग नेलपॉलिश रिमूव्हर, पण ॲसिटोन असलेलाच. सुती कापडाला चालतो. सॅटिनच्या अस्तराला लावायचा नाही. काही सॅटिन ॲसिटेटचं असतं, ते ॲसिटोनमध्ये विरघळून भोकच पडतं. एका ब्लाउजचं अस्तर माझ्या हातून असं गेलंय.

केळीबाग (रावेर)
माय वं, स्पिरिटने केळीचा चीक पण निघतो का? आमच्याकडे घड उतरवताना प्रत्येक सदरा जातो.

रंगपेटी (धुळे)
नाही दादा. तो चीक वाळला की हवेने तपकिरी होऊन धाग्यात मुरतो. वरचा गोंद नसल्यामुळे खरवडायला काही उरतच नाही. ताजा असताना लगेच धुतला तरच थोडाफार निघतो. कापणीचे कपडे वेगळे ठेवणंच बरं.

गिरणाकाठची (जळगाव)
सर, मंगळवारी दुपारी केलं. पहिला थेंब बर्फाने अख्खा निघाला, टिचकी मारल्यासारखा उडाला. खाली पापुद्रा होता, तो स्पिरिटने गेला. आता उन्हात धरून तिरकं पाहिलं तरच जागा कळते. पँटवरचं स्लाइम एका खेपेत गेलं, फेविकॉलला दोनदा भिजवावं लागलं. जरीजवळच्या थेंबाचा अर्धा तुकडा अजून आहे. तिथे स्पिरिट लावायला हात धजावत नाही.

रंगपेटी (धुळे)
मग नका लावू. पुन्हा तासभर फ्रीजर. तरीही उरला तर डागाच्या वर आणि खाली साधा कोरा खाकी कागद ठेवा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. इस्त्री रेशमाच्या आकड्यावर ठेवून टोकाने पाच-सहा सेकंद दाबा. गोंद वितळून कागदात शिरेल. प्रत्येक वेळी कागद सरकवून कोरी जागा घ्या. मघाशी इस्त्री नको म्हटलं ते पँटसाठी, इथे ती याच कामाला हवी.

गिरणाकाठची (जळगाव)
चार वेळा कागद बदलला, निघाला. जरी काळी पडली नाही. जाऊबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इस्त्री चालू होती तेव्हा त्या शेजारीच कागद धरून बसल्या होत्या. पुढच्या वर्षी माळ सुतळीने बांधायची, असं दोघींनी ठरवलंय.